नळीच्या आतली नळी

पुण्याहून नगरकडे निघालं की रांजणगावचा महागणपती मागे पडतो, डाव्या-उजव्या हाताला एमआयडीसीचे फाटे लागतात आणि कारेगाव येतं. या पट्ट्यातल्या पेट्रोल पंपांपैकी एखादा कधीतरी काही आठवडे बंद असतो. पिवळी-काळी पट्टी ओढलेली, फरशी उखडलेली, मशिनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला उभ्या, आणि टाक्यांपासून मशिनींपर्यंत खणलेला चर. कंपनीच्या बसमधून रोज तिथून जाणाऱ्याला वाटतं, लाईन फुटली असणार. पंपावरच्या माणसाला विचारावं तर तो म्हणतो, फुटलीबिटली काही नाही, बदलायची आहे. गळत होती का? नाही. मग धडधाकट लाईन उकरून काढून नवी कशाला? 'सेफ्टीचा नियम आहे', हे उत्तर खरं असतं. पण त्याने काहीच उलगडत नाही.

उत्तर असं आहे: जुनी लाईन गळते म्हणून बदलत नाहीत. ती गळली तर कुणाला कळणार नाही, म्हणून बदलतात.

वाक्य सोपं आहे, पण पचायला वेळ लागतो, कारण आपल्या मनातली सुरक्षेची कल्पना वेगळी असते. मजबूत ते सुरक्षित, असं आपण धरून चालतो. जाड पाइप, पक्का जॉइंट, वर सिमेंट, म्हणजे काम झालं. इंधनाच्या लाईनीचे नियम लिहिणारे मात्र सुरुवातच या गृहीतावर करतात की लोखंड असो की प्लास्टिक, जमिनीखाली घातलेली प्रत्येक नळी कधी ना कधी गळणार. कधी, ते सांगता येत नाही. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की ते पहिल्यांदा कुणाला समजेल: पंपावरच्या माणसाला, की शेजारच्या विहिरीला.

सेकंदाला एक थेंब, एवढीच गळती घेऊ. 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाचे 86,400 थेंब म्हणजे 4 लिटर 320 मिलिलिटर. वर्षाचे दीड हजार लिटरच्या वर. एवढं पेट्रोल हिशोबात दिसायला नको का? पंपावर रोज सकाळी डिप घेतात. खुणा कोरलेली काठी टाकीत सोडायची, ओल कुठवर आली ते बघायचं आणि तक्त्यावरून लिटर काढायचे. आता 20 हजार लिटरची आडवी टाकी दोन मीटर व्यासाची आणि साडेसहा मीटर लांबीची धरा. ती अर्धी भरलेली असताना काठीवरचा एक मिलिमीटर म्हणजे 13 लिटर. बघणाऱ्याची नजर एका मिलिमीटरने हुकली की तीन दिवसांची गळती त्यात जिरली. शिवाय पेट्रोल तापलं की फुगतं आणि निवलं की आकसतं, ढोबळमानाने एका अंशाला हजारातला एक भाग. उन्हात तापून आलेला टँकर खाली केला, आणि टाकीतलं 10 हजार लिटर पेट्रोल रात्रीतून दोन अंशांनी निवलं, की सकाळी 20 लिटर 'कमी' भरतात. गेलेला मात्र एक थेंबही नसतो. म्हणजे रजिस्टरमध्ये रोज थोडी घट-वाढ असतेच, आणि चार लिटरची खरी घट त्या गर्दीत बेमालूम मिसळून जाते. हिशोबनीस कितीही चोख असला तरी त्याला ती सापडणार नाही.

मग ते पेट्रोल जातं कुठे? या भागात मुरमाखाली काळा कातळ आहे, आणि कातळाला भेगा आहेत. शिरूर तालुक्यातल्या कितीतरी विहिरी आणि बोअर याच भेगांतल्या पाण्यावर चालतात. बोअर घेताना पाणी कुठे लागेल हे पाणाड्याला जसं छातीठोक सांगता येत नाही, तसंच भेगेत उतरलेलं पेट्रोल कोणत्या दिशेने जाईल हेही सांगता येत नाही. ते पाण्यावर तरंगतं, त्यातलं बेंझिन थोडंथोडं पाण्यात विरघळतं, आणि बेंझिनने कर्करोग होतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या वर बेंझिन चालत नाही. वास येण्याच्या आधीच ही मर्यादा ओलांडलेली असू शकते.

जुन्या लाईनी लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाइपच्या. त्यांचा कच्चा दुवा म्हणजे आटे. पाइपला आटे पाडताना जस्ताचा थर खरवडून निघतो आणि पाइपची जाडीही तिथेच कमी होते. मग त्यावर सुतळी-सफेदा लावून जॉइंट आवळायचा आणि चर बुजवून टाकायचा. पाण्याच्या लाईनीला हे चालून जातं, कारण पाणी गळलं की जमीन ओली होते आणि प्लंबरला बोलावणं जातं. पेट्रोल मातीत मुरतं, उडून जातं, वर ओल दिसत नाही. त्यात वरून दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर जाणार. जमीन हलते, जॉइंट हलतो, आणि गंज बाहेरून आत काम करत राहतो.

आता एका झडपेकडे बघू, कारण सगळा विचार त्या झडपेच्या जागेत दडलेला आहे.

जुन्या पद्धतीच्या पंपात मोटर मशिनीतच असते आणि ती टाकीतून पेट्रोल ओढून घेते. विहिरीवरच्या मोटरीसारखंच. विहिरीच्या मोटरीला तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो, एकाच बाजूने उघडणारा. मोटर बंद झाली तरी पाइपातलं पाणी खाली उतरत नाही आणि पुढच्या वेळी बटण दाबताच पाणी येतं. फुटव्हॉल्व्ह खराब झाला की पाइप रिकामा होतो, मोटर हवा ओढते, मग वरून पाणी ओतत बसावं लागतं. म्हणून शेतकऱ्याला पाइप कायम भरलेला हवा असतो. पेट्रोल पंपावरही पूर्वी बऱ्याच ठिकाणी हाच विचार करून झडप टाकीच्या बाजूला बसवत. बटण दाबलं की लगेच पेट्रोल, गिऱ्हाईक खोळंबत नाही.

पण या सोयीची दुसरी बाजू अशी की रात्रभर, पंप बंद असतानाही, जमिनीखालचा पाइप पेट्रोलने भरलेला राहतो. त्याला बारीक भोक पडलं तर ते पेट्रोल हळूहळू मातीत उतरतं, आणि सकाळी मशीन बहुधा नेहमीसारखी चालू होते. काहीच झालेलं नाही असं वाटतं.

तीच झडप उचलून थेट मशिनीखाली बसवा, आणि पाइपला टाकीकडे उतार द्या. आता भोक पडलं की काय होतं? मोटर ओढत असते तेव्हा पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, म्हणून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरते. मोटर थांबली की भोकातून शिरलेल्या हवेमुळे पाइपातलं सगळं पेट्रोल उतारावरून गपकन टाकीत परत जातं. मातीत जवळपास काहीच जात नाही. आणि सकाळी मशीन उचलत नाही, नुसती घरघरते. गिऱ्हाईक हॉर्न वाजवतं, पोरगा मालकाला फोन करतो, मालक फिटरला. एक रुपयाचंही यंत्र न बसवता गळतीने स्वतःच वर्दी दिली.

पाइप तोच, झडप तीच, फक्त जागा बदलली. पहिल्या मांडणीत पाइप बिघडला तरी मालकाचं सगळं सुरळीत चालतं आणि त्रास जमिनीला होतो. दुसऱ्या मांडणीत जमिनीला काही होत नाही, मालकाचा धंदा मात्र लगेच अडतो. नियम करणाऱ्यांना दुसरी मांडणी हवी असते. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याचीच गैरसोय झाली तर दुरुस्ती होते, हा मनुष्यस्वभावाचा हिशोब त्यामागे आहे.

यात एक मोह मात्र असतो. मशीन सकाळी उचलत नाही अशी तक्रार घेऊन एखादा अर्धवट फिटर येतो आणि टाकीपाशी आणखी एक झडप टाकून देतो. तक्रार मिटते. मालक खूश, फिटरला पैसे मिळाले, आणि भोक जिथल्या तिथे. आता ते निमूट गळत राहणार. दुरुस्ती म्हणून केलेल्या कामांमध्ये याच्याइतकं घातक काम क्वचितच सापडेल. अमेरिकेच्या नियमात म्हणूनच अशा ओढ-लाईनीला झडप एकच असावी आणि ती मशिनीच्या अगदी खाली असावी, हे शब्दांत लिहून ठेवलेलं आहे.

मोठ्या पंपांवर आता ओढण्याची पद्धत मागे पडत चालली आहे. उन्हाळ्यात पेट्रोल ओढताना पाइपातच त्याची वाफ होते आणि मोटर अडखळते; एका टाकीवर चार-सहा नोझल चालवायची तर ओढ पुरत नाही. म्हणून मोटर टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडवलेली असते आणि ती खालून पेट्रोल ढकलते. लाईनीत दोन-एक किलोचा दाब राहतो. धंद्याला हे फार सोयीचं, पण मघाचा सगळा हिशोब उलटा होतो. भोक पडलं तर हवा आत शिरायच्या ऐवजी पेट्रोलच दाबाने बाहेर येतं, आणि नोझलला धार नेहमीसारखीच लागते. गळती पुन्हा मुकी झाली.

तिला बोलकी करण्यासाठी नळीच्या आत नळी आली.

कारेगावसारख्या ठिकाणी चरात टाकलेली नवी काळी लाईन नीट पाहिली तर तोंडाशी दोन कडी दिसतात: आत एक नळी, भोवती थोडी फट, आणि बाहेर दुसरी नळी. प्लास्टिकची असल्याने ती गंजत नाही, आणि जॉइंटला आटे नसतात. विजेच्या उष्णतेने प्लास्टिक वितळवून ते एकजीव करतात. पाहणाऱ्याला वाटतं, एक फुटली तर दुसरी सांभाळून घेईल, म्हणून दोन. ते खोटं नाही, पण सगळं काम त्या मधल्या रिकाम्या फटीचं आहे. लाईन उतारावर टाकतात आणि बाहेरच्या नळीचं तोंड टाकीवरच्या किंवा मशिनीखालच्या बंदिस्त खड्ड्यात, ज्याला पंपावर सम्प म्हणतात त्यात, मोकळं ठेवतात. आतली नळी गळली की पेट्रोल फटीतून वाहत त्या खड्ड्यात येतं. तिथे तरंगणारा सेन्सर असतो. तो उचलला गेला की ऑफिसात भोंगा वाजतो आणि मोटर बंद पडते. सेन्सर नसला तरी झाकण उघडून टॉर्च मारणाऱ्या कुणालाही खड्ड्यात पेट्रोल दिसतं. जी गळती मातीत कुठेही गेली असती तिला एकच वाट ठेवली आणि त्या वाटेच्या टोकाशी माणूस उभा केला.

अमेरिकेत हे शहाणपण यायला फार मोठी किंमत मोजावी लागली. तिथे 1984 साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, जमिनीखालच्या टाक्यांबद्दल कायदा केला, 1988 साली नियम आले, आणि जुन्या टाक्या आणि लाईनी सुधारायला 22 डिसेंबर 1998 पर्यंत मुदत दिली. तेव्हा देशभर अशा सुमारे 20 लाख टाक्या होत्या. उकरायला लागल्यावर गळत्या निघत गेल्या. आजवर नोंद झालेल्यांचा आकडा साडेपाच लाखांच्या वर आहे. यातल्या बऱ्याच पंपांच्या मालकांना खणेपर्यंत काहीही ठाऊक नव्हतं. 2015 साली सुधारलेल्या नियमांनी नव्या टाक्यांना आणि लाईनींना दुहेरी भिंत सक्तीची केली. त्यातली सूट मला सगळ्यात बोलकी वाटते. उतारावरची, मशिनीखाली एकच झडप असलेली ओढ-लाईन असेल तर तिला दुहेरी भिंतीची सक्ती नाही. नियमाला भिंतीचं वेड असतं तर अशी सूट मिळाली नसती. जी लाईन आपली गळती आपणच सांगते तिला दुसऱ्या नळीची गरज नाही, इतका साफ विचार त्यात आहे.

आपल्याकडे पेट्रोलियम कायदा 1934 चा, आणि त्याखालचे नियम 2002 चे. ते राबवणारी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, नागपूरला आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'एक्स्प्लोझिव्हवाले' हेच नाव. कायदा पेट्रोलला 'अ' वर्गात घालतो, म्हणजे 23 अंशांच्या खालीही ज्याची वाफ पेट घेते ते. डिझेल 'ब' वर्गात. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नवा पंप शाळा, रुग्णालयं आणि वस्तीपासून 50 मीटरवर असावा, जागेची अडचण असेल तर जास्तीची काळजी घेऊन 30 मीटरच्या आत तरी येऊ नये, असं त्यांत आहे. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांत गंमत अशी होते की पंप आधी उभा राहतो आणि वस्ती नंतर त्याच्याकडे सरकत येते. पंपाने अंतर पाळलेलं असतं. खोल्या बांधणाऱ्याला कुणी टेप घेऊन विचारत नाही.

भरीला इथेनॉल आलं. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्याला ते काही परकं नाही. जून 2022 पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल आलं, 2025 मध्ये ते 20 टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि काही जुन्या रबरी सीलना ते मानवत नाही. ती फुगतात किंवा कडक होतात. म्हणजे लाईन तीच राहिली आणि आतून जाणारी वस्तू बदलली. 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा पंपमालकांचा आवडता दाखला इथे थोडा लंगडा पडतो, कारण इतकी वर्षं त्या लाईनीतून हे पेट्रोल गेलेलंच नव्हतं.

समुद्रावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटींना डिझेल भरताना पाहिलं की लक्षात येतं, तिथे गळती लपत नाही. पाण्यावर सांडलेलं डिझेल लगेच रंगीबेरंगी पापुद्र्यासारखं पसरतं, सगळ्या बंदराला दिसतं. तिथली अडचण हलण्याची आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि बोट दोरीला बांधलेली असली तरी स्वस्थ राहत नाही. परदेशातल्या मरीनांमध्ये, म्हणजे छोट्या बोटींच्या बंदरांमध्ये, तर इंधनाची मशीनच तरंगत्या धक्क्यावर असते. किनाऱ्यावरच्या टाकीपासून तिथवरची लाईन काही भाग पक्की आणि काही भाग लवचीक ठेवावी लागते, आणि सगळा ताण त्या सांध्यावर येतो. म्हणून तिथल्या नियमाचा आग्रह असतो की धक्का जिथे सुरू होतो त्या जागी, जमिनीवर, हाताने बंद करता येईल असा व्हॉल्व्ह हवाच. टाकी उंचावर असेल तर तुटलेल्या नळीतून ती आपोआप रिकामी होत राहील. गळती दिसत असूनही थांबवायला पाण्यावरून पळत जाण्यात अर्थ नाही.

कळणं आणि थांबवता येणं, यांत अंतर असतं. जयपूरजवळच्या सीतापुऱ्यात 29 ऑक्टोबर 2009 च्या संध्याकाळी इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची लाईन जोडण्याचं काम चालू असताना दाबाने पेट्रोल उसळलं. ते गुप्त राहिलं नव्हतं. आवारात वाफेचा ढग पसरत होता. पण व्हॉल्व्हजवळचा माणूस त्या वाफेतच कोसळला, आणि दुरून व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय चालू स्थितीत नव्हती. सुमारे सव्वा तास पेट्रोल येत राहिलं, मग स्फोट झाला. चौकशी समितीच्या अहवालाप्रमाणे 11 जण गेले आणि टाक्या पुढे कित्येक दिवस जळत राहिल्या.

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारामध्ये याच्याही पुढची गोष्ट घडली. तिथे पेट्रोलची पोलादी लाईन आणि जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची लाईन जमिनीखाली एकमेकींना लागून होत्या. दोन धातू, मध्ये ओली माती. गंज वाढून पोलादाला भोक पडलं आणि पेट्रोल गटारांत उतरलं. लोकांना काही दिवस वास येत होता. गटारांतून वाफा येत होत्या, नळाच्या पाण्यालाही वास होता. तक्रारी झाल्या, माणसं येऊन पाहून गेली, वस्ती हलवली नाही. 22 एप्रिल 1992 च्या सकाळी काही किलोमीटरचे रस्ते एकामागून एक उडाले आणि 200 हून अधिक माणसं मेली. गळतीने आपल्याकडून सांगायचं काहीच बाकी ठेवलं नव्हतं.

पंपावरच्या नव्या लाईनीने दिलेली वर्दी कुणी ऐकतं का, याची खरी परीक्षा म्हणून पहिल्या पावसाळ्यात असते. सम्पचं झाकण नीट बसलेलं नसेल तर पावसाचं पाणी आत जातं, सेन्सर तरंगतो, भोंगा वाजतो, मोटर बंद. रांग लागलेली असते, रात्रपाळी सुटून शेकडो मोटारसायकली बाहेर पडलेल्या असतात. एकदा-दोनदा पाणी उपसून होतं. तिसऱ्यांदा कुणीतरी सेन्सर वर उचलून वायरने बांधून ठेवतो, आणि भोंग्याचा त्रास संपतो. पंप तपासणाऱ्यांना जगभर हे दृश्य ओळखीचं आहे. लाखो रुपये घालून बसवलेली दुहेरी लाईन त्या वायरच्या गाठीने पुन्हा जुन्या जीआय पाइपच्या लायकीची होते. पाणी आणि पेट्रोल यांतला फरक ओळखणारे सेन्सर मिळतात, महाग असतात. मला विचाराल तर आधी झाकणाचं रबर बदलावं. त्याला फारसे पैसे लागत नाहीत आणि भोंग्यावरचा विश्वास टिकतो.

पंपाचं सोडा, कारेगावातल्या बहुतेक माणसांचा इंधनाच्या लाईनीशी रोजचा संबंध येतो तो दहा बाय दहाच्या खोलीत. एमआयडीसीच्या भोवती उभ्या राहिलेल्या खोल्यांच्या रांगांमध्ये मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं तिघं-चौघं मिळून राहतात. कोपऱ्यात ओटा, त्याखाली 14.2 किलोचा सिलिंडर किंवा पाच किलोचा छोटा, आणि मध्ये दीडेक मीटरची नळी.

गॅसला मुळात वास नसतो. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत, तळघरासारख्या पोकळीत साठलेल्या वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे 300 जण मेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास घालणं कायद्याने बंधनकारक केलं. आपल्या सिलिंडरमध्ये मर्कॅप्टन घालतात ते याच कारणाने. पेट घेण्याइतका गॅस हवेत मिसळायच्या खूप आधी, त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच, नाकाला वास यावा असं प्रमाण ठेवलेलं असतं. दुहेरी नळीची फट जे काम करते तेच इथे वास करतो.

आणि ते काम बिघडवण्याचे रस्तेही तसेच आहेत. नळीला चटका लागू नये, उंदराने कुरतडू नये म्हणून लोक तिच्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवतात किंवा कापड गुंडाळतात. नळी दिसायला नीटनेटकी होते, आणि तिला पडलेल्या चिरा दिसायच्या बंद होतात. गॅस कंपन्या कव्हर घालू नका म्हणतात ते उगीच नाही. आयएसआय शिक्का असलेली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी उंदराला दाद देत नाही, पण तिलाही वय आहे. पाच वर्षांनी बदलावी असा दंडक आहे, आणि बनवल्याचा महिना-वर्ष नळीवरच छापलेलं असतं. कव्हराखाली तेही झाकून जातं.

नाकाचाही भरवसा मर्यादित. हळूहळू वाढणाऱ्या वासाला नाक सरावतं. खोलीत झोपलेल्याला जो वास येत नाही तो दारातून आत येणाऱ्याला लगेच येतो. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पोरांच्या खोलीत दिवसभर कुणीतरी झोपलेलं असतं, उजेड नको म्हणून खिडकी लावलेली. दहा फूट लांब, रुंद, उंच खोलीत साधारण 28 घनमीटर हवा. तिच्या दोन टक्के गॅस झाला की ठिणगी पुरे. म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, मोठ्या सिलिंडरचा साधारण अकरावा भाग. प्रत्यक्षात त्याहून कमीही पुरतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो जमिनीलगत पसरतो, जिथे ही पोरं गादी टाकून झोपलेली असतात. बांधकाम करणारे व्हेंटिलेटर मात्र छताजवळ ठेवतात. त्यातून धूर जातो, हा गॅस जात नाही. दाराच्या खाली दोन बोटं फट किंवा ओट्याजवळ जमिनीलगत एक जाळी असेल तर गॅस बाहेर तरी पडेल, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्याच्या नाकाला लागेल.

पंपावर निदान लायसन्स आहे, तपासणीला येणारा माणूस आहे, नोंदीचं रजिस्टर आहे. खोलीतल्या नळीला यातलं काहीच नाही. सिलिंडर एकाच्या नावावर किंवा कुणाच्याच नाही, शेगडी गावाकडून दुसऱ्याने आणलेली, आणि नळी आधीच्या भाडेकरूंनी सोडलेली. तिच्यावर छापलेली तारीख या पोरांच्या नोकरीपेक्षा जुनी असते. दोन-चारशे रुपयांची वस्तू, बदलायला कुणाचीच ना नसते. पण ती कुणी आणायची हे ठरण्याआधी कुणाचं तरी कंत्राट संपतं, खोलीत नवीन माणूस येतो, आणि नळी त्याच्याकडे जाते. खोलीमालक भाडं घ्यायला महिन्याला येतोच. मीटरचं रीडिंग लिहिताना त्याच वहीत नळीवरचा महिना-वर्ष उतरवून घ्यायला त्याला वाकून ओट्याखाली बघावं लागेल, एवढंच.